शेपूट येईपर्यंत

"काकू, हेल्मेट उलटं घातलं तुम्ही."

देवेंद्र उईके नावाचा तो गाईड माझ्यासमोर उभा राहून हसू दाबत होता. मी हेल्मेट काढलं, फिरवलं आणि परत डोक्यावर दाबलं.

"सायकल येते ना पण तुम्हाला?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून येते. तू निघ ना लवकर! कायची वाट पाहून राहिला?"

खोटं बोलली नव्हती मी. नर्सिंगला असताना होस्टेल ते दवाखाना रोज सायकलच होती. पण मग लग्न झालं, लुना आली, स्कूटी आली, आणि सायकल जी सुटली ती सुटलीच. त्या दिवशी सलवार, पायात कॅनव्हासचे बूट, नणंदेच्या मुलीचा काळा चष्मा आणि डोक्यावर ते टोपलं. आरशात पाहिलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं, आणि मला नेमकं तेच पाहिजे होतं.

बाकीची मंडळी नागपूरची, हौशी. हिवाळ्यात नहराच्या पाळीनं, म्हणजे कालव्याच्या काठानं, सायकली हाकायच्या, कोसमटेकडीचा दोन हजार वर्षांचा विहार पाहायचा, फोटो काढायचे, जेवायचं आणि परत यायचं. माझं कारण वेगळं होतं. त्या विहारात त्या दिवशी माझा एकुलता एक मुलगा भिक्खू होणार होता, आणि मी ते मोडायला निघाली होती.

आता तुम्ही म्हणाल, बौद्धाच्या घरची बाई, आणि भिक्खू होण्याला विरोध? खरं आहे. दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत मीच. पावसाळ्यातल्या वर्षावासात भंतेंना भोजन द्यायचं म्हटलं की वच्छलाबाई रामटेके सगळ्यात पुढं. दुसऱ्याचा मुलगा भंते झाला तर मी सगळ्यांच्या आधी हात जोडून उभी. पण माझा प्रज्योत? बाप गेल्यावर ज्याला मी एकटीनं नाइट ड्युट्या करून वाढवला, इंजिनियर केला, बँकेत चिकटवला, तो? नाही म्हणजे नाही.

आणि त्यात माझ्याच तोंडानं घात केला होता. दोन महिन्यांआधी त्याचा फोन आला, "आई, तुझी परवानगी लागते. आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय भंते घेत नाहीत." मी नुकतीच ड्युटीवरून आली होती, गॅसवर पोळी जळून राहिली होती, आणि हा चौथ्यांदा तेच तेच विचारून राहिला होता. मी ओरडली, "जा! हो भिक्खू! दिली परवानगी! शंभरदा दिली! पण मग मला तोंड दाखवू नको!" आणि फोन ठेवून दिला.

माणूस रागात बोलतो. आमच्या घरी तर सगळेच बोलतात. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. आता भंते भरल्या सभेत विचारतील, आईची परवानगी आहे का? आणि हा म्हणेल, आहे, शंभरदा आहे. त्याला खोटं कसं म्हणणार? त्या विचारानं माझी झोप उडाली होती.

दोनदा मी त्याला आणायला गेली. दोन्ही वेळेला आधी गवगवा करून गेली, आणि दोन्ही वेळेला तो दुसऱ्या विहारात निघून गेला होता. पळपुटा! मी शेजारणीला सांगायची, माझा मुलगा धर्माकडे गेला नाही, माझ्यापासून पळाला. तिसऱ्यांदा माझ्या भाचीनं, करुणानं, बातमी आणली की रविवारी कोसमटेकडीला आहे, भोजनदानाच्या आधी. पुलाचं काम चालू म्हणून गाड्या बंद होत्या, आणि पायी गेली असती तर फाट्यावरच्या चहावाल्यानं मला ओळखून आधीच निरोप धाडला असता. मागच्या खेपेला मी तिथं चांगलाच तमाशा केला होता. म्हणून हे सायकलीचं सोंग. माहेरच्या आडनावानं जागा धरली, वच्छला मेश्राम.

निघायच्या आधी देवेंद्रनं सगळ्यांना गोलात उभं केलं.

"एकच नियम आहे, पण तो मोडायचा नाही. मी पुढं राहीन. वळण आलं की माझ्या मागं जो असेल, त्यानं तिथं उतरून थांबायचं आणि मागच्यांना रस्ता दाखवायचा. सगळ्यात मागं मृणाल राहील, नारंगी जॅकेटवाली. ती आमची शेपूट. शेपूट येईपर्यंत वळण सोडायचं नाही. काही झालं तरी नाही. पुढं फोनला रेंज नसते. एक जण चुकला तर दिवसभर शोधत बसू."

मी मान हलवली, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. म्हणजे भोजन अकराला, आणि जे काही व्हायचं ते त्याच्या आधी.

सुरुवातीला मांड्या भरून आल्या, पण सायकल चालली. एका बाजूला नहराचं पाणी, दुसऱ्या बाजूला धान कापून मोकळी झालेली बांध्यांची शेतं आणि जागोजागी गंजीसारखे रचलेले पुंजणे. मागं लोक थांबून थांबून बगळ्यांचे फोटो काढत होते. मी देवेंद्रच्या मागं चिकटून चालवत होती.

तिथंच चूक झाली. पहिलं वळण आलं आणि त्यानं हात केला, "काकू, तुम्ही थांबा." मी धुसफुसत उतरली. शेपूट येऊन गेली तेव्हा मी सगळ्यात मागं पडली होती. पुन्हा जीव काढून सगळ्यांना ओलांडत पुढं गेली. या वेळेस शहाणपण करून एका बँकवाल्याला आपल्या आणि देवेंद्रच्या मध्ये ठेवला. म्हटलं, वळण आलं की हा अडकेल. पण पुढच्या चढावर त्या बँकवाल्याच्या पोटरीत गोळा आला, तो बाजूला बसला, आणि वर चढून पाहते तर नहर दोन फाट्यांत फुटलेला, देवेंद्र उतरून उभा, आणि त्याच्या मागं मीच.

"नाही," मी म्हटलं. "मी एकदा थांबली."

"काकू, नियम आहे."

"तुझा नियम गेला खड्ड्यात. मला घाई आहे!"

"खड्ड्यातच जातील," तो शांतपणे म्हणाला आणि डावीकडे बोट दाखवलं. "हा रस्ता रुंद आहे, सरळ दिसतो. सगळे इकडेच वळतात. पण पुढं उतार आहे आणि उताराखाली मुरमाची जुनी खाण. कठडा नाही. विहार उजवीकडे, ती टेकडी दिसते ती. मला पुढच्या मोरीवर थांबावं लागतं, तिथली फरशी वाहून गेली आहे. इथं जबाबदार माणूस पाहिजे. फॉर्मवर तुम्ही नर्स लिहिलं आहे ना?"

मी उतरली. तो निघून गेला.

टेकडी इतकी जवळ होती की तिथल्या पंचशील ध्वजाचे रंग दिसत होते. आणि वारा इकडे वळला की लाऊडस्पीकर ऐकू येत होता. वंदना सुरू होती. ती मला तोंडपाठ आहे, आणि तिच्यानंतर काय येतं, त्याच्यानंतर काय येतं, सगळं ठाऊक आहे. मी परत घड्याळ पाहिलं.

एक एक करून लोक आले. बँकवाला लंगडत आला. मी प्रत्येकाला उजवीकडे हाकललं. "चला, चला, फोटो नंतर काढा!" शेवटी तिघंच राहिले, बोरीकर सर, त्यांची बायको आणि मृणाल. मी पाळीवर चढून मागं पाहिलं. रस्ता रिकामा होता.

तिकडे वंदना संपली आणि एका म्हाताऱ्या भंतेंचा आवाज सुरू झाला. शब्द तुटक येत होते. "...घर सोडून... तरुण उपासक..." मग वारा फिरला.

मी खाली उतरली, टाचेनं धुळीत मोठा बाण काढला, उजवीकडे तोंड करून. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, बाण कळेल. सायकलवर टांग टाकणार तोच म्हशींचा एक कळप आला आणि त्या बाणावरून आरामात निघून गेला. त्या म्हशींना मी जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यांच्या मागचा गुराखी मात्र कानाला हात लावून गेला.

मग मी निघालीच. खरंच निघाली. मनात म्हटलं, कोण कुठले बोरीकर! माझा मुलगा तिथं केस उतरवून बसला आहे, आणि मी इथं रस्त्यावर ट्रॅफिक पोलीस होऊन उभी? पाच-पन्नास पावलं गेली असेन. पण पाय चालेनात. तीस वर्षं रिलीव्हर आल्याशिवाय मी वॉर्ड सोडला नव्हता. प्रज्योत घरी तापानं फणफणलेला असायचा, शेजारीण फोनवर फोन करायची, आणि मी दुसऱ्यांच्या सलाइनी मोजत दुसऱ्या सिस्टरची वाट पाहत बसायची. ती उशिरा आली की तिला शिव्या द्यायची, पण जागा सोडायची नाही. ती सवय हाडात गेलेली. मी सायकल फिरवली, परत आली आणि स्वतःलाच म्हटलं, "मर इथंच, वच्छले."

आणि तेव्हाच वारा परत इकडे वळला, आणि शेकडो लोकांचा आवाज एकदम आला.

"साधू! साधू! साधू!"

झालं. असं काही चांगलं पार पडलं की आमच्यात लोक तीनदा साधू म्हणतात. मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं हो म्हटलं होतं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. मी नहराच्या काठावर बसली आणि हेल्मेटसकट डोकं गुडघ्यात घालून रडली. मोठ्यानं रडली. ऐकायला होतं कोण?

किती वेळ गेला माहीत नाही. मागून घंटी ऐकू आली. बोरीकर सर चढ चढून आले होते, मान खाली, कानात गाणी, आणि थेट डावीकडच्या रुंद रस्त्याला लागले.

"ओ सर! सर!"

ऐकतात कुठं! उतार सुरू झाला होता. मी धावली, आडवी गेली आणि दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी दचकून ब्रेक दाबला, सायकल गर्रकन फिरली आणि ते धुळीत बसले.

"अहो, काय हे! माणूस मेला असता ना!" ते ओरडले.

"मेलाच असता! म्हणूनच उभी आहे मी!" मी त्यांच्या वरताण ओरडली. "खाण आहे पुढं, खाण! कानातलं काढा आधी ते! आणि होते कुठं तुम्ही इतका वेळ?"

त्यांची बायको आणि मृणाल पोचल्या. वाटेत एका सायकलची साखळी तुटली होती, जोडायला वेळ लागला. मृणाल माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, सॉरी. थांबलात, बरं झालं. तुम्ही... रडताय का?"

"शेपूट आली ना? मग मी सुटली," मी म्हटलं आणि निघाली.

आता आशा नव्हती, नुसता राग होता. म्हटलं, जाऊन विचारते तरी. सगळ्या सभेसमोर विचारते, आईच्या रागाचा शब्द उचलून वापरतोस, हाच का तुझा धर्म? मोरी ओलांडली, देवेंद्र काहीतरी ओरडला, मी पाहिलंही नाही. टेकडीच्या पायथ्याशी विहाराचं फाटक होतं, उतारावर बारीक गिट्टी. मी ब्रेक लावलाच नाही. सायकल एकीकडे गेली, मी एकीकडे. गुडघा सोलून निघाला.

"आई?"

फाटकाच्या आत, मोहाच्या झाडाखाली कोणीतरी बसलं होतं. ते धावत आलं. तुळतुळीत डोकं, अंगावर पांढरे कपडे. भिक्खूचं भगवं चीवर नव्हतं. मी पाहतच राहिली.

"आई, तू? सायकलवर? हे डोक्यावर काय आहे?" त्यानं मला काखेत धरून उचललं आणि हसायला लागला. मी थोबाडीत द्यायला हात उचलला, पण तो त्याच्या डोक्यावर गेला. लहानपणी जावळ काढल्यावर असंच लागायचं हाताला.

"साधू साधू ऐकलं मी. झालास ना शेवटी?"

"नाही झालो."

"मग साधू कशाला?"

त्यानं मला झाडाखाली बसवलं. पाण्याचा गडवा आणला, गुडघ्यावर पाणी घालत खाली मान घालून म्हणाला, "भंतेंनी विचारलं, आईची परवानगी आहे का. मी म्हटलं, तोंडानं दिली आहे, मनानं नाही. ते म्हणाले, मग घेता येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. त्यावर लोकांनी साधू म्हटलं. मलाच हसू आलं. नापास झालो आणि टाळ्या पडल्या."

"तू आहे म्हटलं असतंस तर?"

"तर आता चीवरात असतो. कोणाला कळलं असतं?"

"मग काऊन नाही म्हटलं, पोरा?"

"सुरुवातच खोट्यानं कशी करू, आई?"

तो पुढं म्हणाला, "भंते म्हणाले, आईकडे जा. मी संध्याकाळी घरीच येणार होतो. दोनदा तुला टाळलं, ते चुकलं माझं. तू रडलीस की मी ढिला पडतो, म्हणून टाळलं. आता नाही टाळणार. तू नाही म्हणशील तर नाही. बँकेत परत विचारून पाहीन. चल, जेवून घेऊ आणि निघू."

मी जिंकली होती, न बोलता, न भांडता. मुलगा घरी येत होता. आनंद व्हायला पाहिजे होता ना? बाप्पा, कसला आनंद! इतके महिने मी ज्याला पळपुटा म्हणत होती, त्यानं एका शब्दात जे मिळत होतं ते भरल्या सभेत सोडून दिलं होतं. पळणाऱ्यानं हो म्हटलं असतं आणि मोकळा झाला असता. हा अडून बसला होता. असं अडून बसणं मला चांगलं ओळखीचं आहे, घरी दुसऱ्या कोणाचं नाही, माझंच आहे ते. आणि असा माणूस मी घरी नेऊन बँकेच्या काउंटरवर बसवला, तर तो बसेल. माझ्यासाठी आयुष्यभर बसेल, कुरकुर करणार नाही, आणि मला ते रोज पाहावं लागेल.

तो खांद्यावरचा पंचा फाडून गुडघ्याला बांधत होता. आयुष्यभर विहारात जाणाऱ्या बाईला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. भंतेंच्या हातात आपण बायका काही देत नाही, समोर ठेवतो. एकदा चीवर चढलं की बाईच्या अंगाला हात लावायचा नाही. आई असली तरी नाही.

"झालं," तो म्हणाला.

"सैल आहे. सोड, परत बांध."

त्यानं सोडलं, परत बांधलं.

"आता घट्ट झालं. पुन्हा बांध."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा गाठ सोडली आणि सावकाश, एक एक पदर बसवत बांधायला लागला. मी परत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही. आतून भोजनाची घंटा झाली तेव्हा मी उठली.

"चल. कुठं आहेत तुझे भंते?"

जुन्या विटांच्या चौथऱ्यावर भिक्खू भोजनाला बसायच्या तयारीत होते. म्हाताऱ्या भंतेंनी माझ्याकडे, मग हेल्मेटकडे, मग गुडघ्याकडे पाहिलं. मी हेल्मेट काढून खाली ठेवलं आणि हात जोडले.

"मी याची आई. याचे वडील नाहीत. परवानगी द्यायला आली आहे."

"बाई, तुमचा राग गेला का?" त्यांनी विचारलं.

"नाही गेला, भंते. तो राहील. पण ही परवानगी रागातली नाही."

मागं प्रज्योतच्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द परत घेतला असता. भंतेंनी समोरचं पात्र बाजूला सारलं. म्हणाले, "भोजन थोडं थांबवा."

सायकलवाले सगळे येऊन मागं उभे होते. बोरीकर सरांनी कानातलं काढलं होतं. देवेंद्रनं मृणालला काहीतरी विचारलं आणि तिनं त्याला गप्प केलं.

प्रज्योत चीवर घालून बाहेर आला. लोक एकामागून एक पुढं जाऊन वंदन करत होते. मग माझी पाळी आली. मी खाली वाकली, जखमेचा गुडघा दगडावर टेकला आणि अशी कळ आली की तोल गेला. त्याचा हात चटकन पुढं आला. अर्ध्यावर थांबला. मग हळूच मागं गेला आणि चीवरात गेला.

मी जमिनीला हात टेकून सावरली, कपाळ खाली लावलं आणि म्हटलं, "वंदामि, भंते."

"मंगल हो," माझा मुलगा म्हणाला.